अडीच माणसांची गाडी

माझी मोटारसायकल गेल्या दीड वर्षात अकरा वेळा पडली. त्यातली एकही वेळ वेगात नव्हती. घरी सांगताना मी 'पडली' हा शब्द वापरत नाही. 'आडवी झाली' म्हणतो, 'टेकली' म्हणतो, फार तर 'जरा बसली' म्हणतो. म्हैस बसते तशी ती बसते. फरक एवढाच की म्हैस आपली आपण उठते.

अकरावी वेळ अलीकडची. आंबिवली स्टेशनकडून मोहन्याला येताना गाळेगावच्या अलीकडे पाइपलाइनचा चर बुजवून त्यावर खडी टाकलेली. समोरून शेअर रिक्षा आली. ड्रायव्हरच्या शेजारी, चौथ्या सीटवर बसलेल्या गृहस्थांचा गुडघा रिक्षाबाहेर होता. त्या गुडघ्याला वाट द्यावी म्हणून मी थांबलो आणि उजवा पाय टेकवला. जिथे टेकवला तिथे रस्ता आहे अशी माझी समजूत होती. तिथे खडी होती. खडी सरकली, बूट सरकला, आणि दोनशे किलोचं धूड सावकाश, कसलीही घाई न करता उजवीकडे झुकू लागलं. या वजनाची एक खोड आहे. ठरावीक कोनापर्यंत ते जाणवतच नाही. तो कोन बोटभर ओलांडला की हप्त्यासारखं एकदम अंगावर येतं.

मग नेहमीप्रमाणे माणसं आली. रिक्षातला गुडघा त्याच्या मालकासकट उतरला. वडापावच्या गाडीवरचा पोऱ्या हात पुसत आला. आम्ही वाकणार एवढ्यात दप्तर पाठीला लावलेला सात-आठ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "काका, आधी साइड स्टँड लावा. नायतर तिकडून पडंल."

बरोबर होतं. उजव्या अंगावर पडलेली गाडी जोर लावून उभी केली की त्याच जोरात डावीकडे जाते. साइड स्टँड डावीकडे असतो. तो आधी उघडून ठेवला तर गाडी त्यावर विसावते. ही गोष्ट पुस्तिकेत असते, मी ती दोनदा वाचली होती, आणि सांगितली दुसरीतल्या पोराने. तेव्हापासून आमच्या गाडीचं वजन मी किलोत सांगत नाही. अडीच माणसं. दोन उचलायला आणि अर्धं अक्कल सांगायला.

गाडीचं नाव सांगत नाही. जात मात्र सांगतो : ॲडव्हेंचर. या जातीचा जन्म परदेशातला. 1978च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारला जाणारी पहिली शर्यत सुटली. 1980 साली बीएमडब्ल्यूने आर-80 जी/एस नावाची मोटारसायकल काढली, आणि पुढच्याच वर्षी ती शर्यत मारली. जी/एस ही दोन जर्मन शब्दांची आद्याक्षरं, अर्थ साधारण 'रान' आणि 'रस्ता'. दोन्हीकडे चालेल अशी गाडी. मोहन्यात रान आणि रस्ता यांच्यामध्ये तिरकी रेघ मारायची गरज नाही. आपल्याकडे 2016 साली रॉयल एनफील्डने 'हिमालयन' आणली, आणि जी माणसं तोवर बुलेटवर जाडी होत होती ती उंचही होऊ लागली. त्याच गाडीची पुढची, 452 सीसीची आवृत्ती 196 किलोंची आहे. स्प्लेंडर 110च्या आसपास. बीएमडब्ल्यूच्या थोरल्या गाड्या अडीचशेच्या घरात. त्या पडल्या तर अडीच माणसं पुरत नाहीत, गणेशोत्सव मंडळ लागतं.

'ॲडव्हेंचर'ला मराठीत आपण 'साहस' म्हणतो. हा शब्द जरा जपून वापरायला हवा. मनुस्मृतीत राजापुढे येणाऱ्या खटल्यांचे अठरा प्रकार सांगितलेत, त्यात चोरीच्या शेजारी 'साहस' बसलं आहे. म्हणजे जुन्या कायद्यात साहस हा पराक्रम नसून गुन्हा होता. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मी हे बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. शिक्षा किती होती?" मी म्हटलं, साठ हप्ते.

घेण्याचं कारण खरं सांगायचं तर एकांत. जाहिरातीत एक उजाड डोंगर असतो, खडीचा एक लांबच लांब रस्ता असतो, आणि त्यावर एकच मोटारसायकल धूळ उडवत चाललेली असते. मागे माणूस नाही, पुढे माणूस नाही. सकाळी सातच्या लोकलला आंबिवलीहून वीस वर्षं लटकलेल्या माणसाला त्या चित्रातलं डोंगरापेक्षा काय जास्त दिसत असेल, तर ती रिकामी जागा. डोंगर आपल्याकडेही आहेत. रिकामी जागा नाही.

डोंगर लांब होता. खडी मात्र दारात होती.

बाहेरच्या लोकांना खडी म्हणजे खडी वाटते. मोहन्यात राहणाऱ्याला तिचे स्वभाव कळतात. ताजी खडी कोनेरी असते, एकमेकींत अडकते, टायरला थोडा आधार देते. तिच्यावर विश्वास टाकता येतो, दोन दिवस. महिनाभर डंपरखाली रगडून गोलसर झालेली खडी म्हणजे चणे. मुरूम उन्हाळ्यात सज्जन आणि पावसाळ्यात लोणी. सुटलेला पेव्हर ब्लॉक हलत्या दातासारखा, कुठल्या घासाला निघेल सांगता येत नाही. पण सगळ्यांत वाईट ती कच. सिमेंटचा गुळगुळीत रस्ता, आणि त्यावर कुठल्याशा टेम्पोतून सांडलेली क्रशरची बारीक कच. लांबून दिसत नाही. जवळून दिसते तेव्हा आपण तिच्याहून जवळ असतो, गाल टेकवून.

खडीचे हंगामही ठरलेले. पावसाआधी खणतात तेव्हा ती रस्त्याच्या कडेला ढिगाने असते. पावसात खड्ड्यात असते, वर पाणी, त्यामुळे खोली ही श्रद्धेची बाब. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती सगळीकडे असते, कारण बाप्पाला धक्का लागू नये अशी इच्छा सर्वांची असते. बाप्पा ट्रकमधून, मांडीवर उशी घेऊन येतो. आपण मागून येतो.

खडीवर गाडी चालवायचं एक शास्त्र आहे, आणि ते सगळं आपल्या अंगभूत बुद्धीच्या उलट आहे. भीती वाटली की माणूस हँडल घट्ट आवळतो. इथे हँडल सैल धरायचं, पुढच्या चाकाला थोडं वळवळू द्यायचं. भीती वाटली की माणूस ॲक्सिलरेटर सोडतो. इथे सोडला की वजन पुढे येतं आणि पुढचं चाक खडीत रुततं, म्हणून किंचित पिळून ठेवायचा. भीती वाटली की माणूस खड्ड्याकडे बघतो. इथे खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून नजर लांब ठेवायची. पुढचा ब्रेक जपून. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फूटपेगवर उभं राहायचं. उभं राहिलं की आपलं वजन सीटवरून पायाखाली जातं, गाडी खालच्या खाली हलत राहते आणि आपण गुडघ्यांवर तोल सावरतो.

हे शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांना रस्त्यात ओळखीचं कोणी भेटत नसावं. मी मोहन्याच्या बाजारातून पहिल्यांदा उभा राहून गेलो तेव्हा तीन माणसांनी थांबवलं. एकाला वाटलं मी कोणाला तरी शोधतोय, तोही माझ्याबरोबर टाचा उंचावून शोधू लागला. दुसऱ्याने गाडीजवळ येऊन, आवाज खाली आणून विचारलं, "गळू झालंय का? आयुर्वेदिक मलम आहे एक." तिसरे आमच्या आळीतले आगरी आजोबा. ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. म्हणाले, "येवरी मोठी गारी क्याला घेतलीस रं? नि घेतलीस तं बस की तीवर!"

उंचीचा एक प्रश्न आहेच. या जातीची सीट जमिनीपासून सव्वाआठशे मिलिमीटर वगैरे असते. माझी उंची पाच फूट चार इंच. दोन्ही पायांची फक्त बोटं टेकतात. सिग्नलला मी थांबत नाही, तरंगतो. त्यात जॅकेट, कोपराला कवच, गुडघ्याला कवच, घोट्यापर्यंत बूट. ऑक्टोबरच्या उकाड्यात शहाडच्या पुलावर अर्धा तास अडकलात की टिटवाळ्याच्या मोदकाला आत काय वाटत असेल ते समजतं. शेजारी तोच पूल चढणारा दूधवाला असतो. पायात स्लीपर, दोन्ही बाजूंना कॅन, हँडलला आणखी एक किटली, मानेत मोबाइल. त्याने खडीवरच्या शास्त्राचं पहिलं पानही वाचलेलं नाही आणि त्यातलं प्रत्येक कलम तो पाळतो. हँडल सैल, नजर लांब. उभा तेवढा राहत नाही, कारण दूध सांडेल.

गाडी थांबली की प्रश्न दोनच. "कितीला पडली?" आणि "ॲव्हरेज किती देते?" पहिल्या प्रश्नातल्या 'पडली'ने मी दर वेळी दचकतो. दुसऱ्याचं उत्तर तीस. त्यावर समोरचा दयेने बघतो आणि आपली साठ देते असं सांगतो. तरी गाडीला सगळे 'भारी' म्हणतात. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि दुसरा अर्थ माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना स्वतःच्या कंबरेने कळला आहे.

आता देखभाल. साधी गाडी सर्व्हिसिंगला देतात. या गाडीची सेवा करावी लागते. दर पाचशे किलोमीटरला चेन धुवायची. जुना टूथब्रश, चेन क्लीनर, फडकं, मग पुन्हा चेन ल्युब. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी मागच्या चाकाशी मांडी घालून बसतो. वरच्या बाल्कनीतून आवाज येतो, "अहो, तेवढ्या वेळात चार पंखे पुसून झाले असते." खरं आहे. पण पंखा खडीवरून जात नाही.

पहिल्या महिन्यात मी उत्साहाने चेनला तेलात न्हाऊ घातली. त्या तेलाने मोहने ते टिटवाळा वाटेवरची सगळी धूळ गोळा केली. धूळ आणि तेल मिळून जे होतं त्याने चेन चालत नाही, घासली जाते. हे मला सांगितलं फिटरकाकांनी. फिटरकाका म्हणजे आमच्या विंगमधले निवृत्त गृहस्थ. एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉनमध्ये, उभी हयात फिटर होते. मोहन्याबाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगतो की हे गाव एके काळी त्या कंपनीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचं. तिथे रेयॉनचा धागा निघायचा. 2009 साली कंपनीला टाळं लागलं, कामगारांची देणी वर्षानुवर्षं रखडली, आणि यंत्रांचे आवाज ओळखणारे कान गावभर रिकामे राहिले. त्यातले दोन आमच्या पार्किंगमध्ये येतात.

काका डोळ्यांनी गाडी तपासत नाहीत. एक छोटा पाना घेतात आणि चाकाच्या एकेका स्पोकवर हलकेच मारतात. टिंग. टिंग. टिंग. कान चाकाशी नेलेला, डोळे मिटलेले. मग मध्येच एक 'टक्'. "हा बसलाय," म्हणतात. खडीवरून आदळत आलेल्या चाकात एखादा स्पोक ढिला पडतो. त्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो, मग तेही दमतात, आणि चाक डुगडुगायला लागतं. काका त्याला पाव फेरा पिळतात, पुन्हा मारतात. टिंग. "लागला सुरात." मला तिन्ही आवाज सारखेच वाटतात, पण मी मान डोलावतो. मैफलीत डोलावतो तशीच.

एअर फिल्टर उघडला की आत गेल्या महिन्याचा मोहने-आंबिवली रस्ता बारीक करून ठेवलेला असतो. आणि पंक्चर हा तर स्वतंत्र अध्याय. पुढचं चाक एकवीस इंची, ट्यूबवालं. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "बैलगाडीचं लावलंय का?" एकवीस इंची ट्यूब त्याच्याकडे नसते, म्हणून मी ती कायम डब्यात घेऊन फिरतो. खडीवर जाताना टायरमधली हवा थोडी कमी करायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. मी त्याला म्हटलं, "जरा हवा काढ." तो विचारात पडला. "साहेब, भरायचे दहा. काढायचे किती घेऊ?"

असं सगळं शिकून, चेन सुरात आणि स्पोक तालात असताना, एका रविवारी पहाटे मी अखेर एकटा निघालो. त्या जाहिरातीतल्यासारखा. शहाड, रायते, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. नाणेघाटाच्या पायथ्याकडे. ही वाट निवडली त्यालाही कारण होतं. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. वर सातवाहनांच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि माथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असं सांगतात. माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन डबे लटकवलेले असतात, त्यांना पॅनियर म्हणतात आणि त्यांची किंमत मी घरी सांगितलेली नाही. त्या काळच्या बैलाच्या पाठीवर हीच व्यवस्था गोणीची होती.

वैशाखऱ्याच्या अलीकडे मी डांबरी सोडून एका पाड्याकडे जाणाऱ्या खडीच्या वाटेला लागलो. आणि ते चित्र खरोखर जमलं. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, समोर घाटाची भिंत. मी उभा राहिलो, हँडल सैल सोडलं, नजर लांब टाकली. जेमतेम एक किलोमीटर. पुढे चढ होता, चढावर गोल खडी होती, मी मध्येच थांबलो आणि पाय टेकवला. थांबायचं कारण सांगतो : फोटो काढायचा होता.

गाडी बसली.

एकट्याने उचलायची रीत मला पाठ आहे. इंजिन बंद, गिअर टाकलेला. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची, आणि पाठीने नव्हे, मांड्यांनी जोर देत पावला-पावलाने मागे सरकायचं. व्हिडिओत एक किरकोळ बाई हे वीस सेकंदांत करते. ती सपाट सिमेंटवर करते. मी चढावर, चण्यांवर करत होतो. प्रत्येक पावलाला मी मागे न जाता पुढे येत होतो. चौथ्या प्रयत्नानंतर मी गाडीला टेकून बसलो आणि त्या एकांताचा, ज्यासाठी साठ हप्ते कबूल केले होते, पोटभर आस्वाद घेतला. चाळीस मिनिटं.

मग वरून दोन बाया उतरल्या, डोक्यावर लाकडांच्या मोळ्या. त्यांनी मोळ्या खाली ठेवल्या, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हातारीने एक दगड उचलून मागच्या चाकाला ओट लावली, म्हणजे गाडी घसरायची थांबली. चाळीस मिनिटांत हे मला सुचलं नव्हतं. मोळीतलं एक जाड लाकूड काढून तिने सीटखाली सारलं. एकीने लाकडावर भार दिला, दुसरीने मागून, मी हँडलला. गाडी उठली. मी साइड स्टँड लावला, हात जोडले. म्हातारी पदराने हात पुसत म्हणाली, "येकलाच आलास?"

मी अभिमानाने हो म्हटलं.

"मंग ही कुनाच्या जिवावर आनलीस?"

याचं उत्तर मला घाट उतरून आलेल्या वाऱ्याने दिलं नाही, मोहन्यात पोचल्यावर फिटरकाकांनी दिलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "कंपनीत दोन-दोन टनांचे पंप आम्ही चौघं हलवायचो. पहार, टेकू आणि चौघं. एकट्याला कधी पाठवलंच नाही कोणी. पाठवलं असतं तर फोरमनला मेमो मिळाला असता." मग थोडं थांबून, "वजन उचलायचं नसतं रे. त्याला असं वाटायला पाहिजे की आपणच उठलो."

नाणेघाट चढणारे व्यापारीही तांड्याने जायचे. लुटारूंची भीती हे कारण असेलच. पण बैल बसला की उठवायला माणसं लागतात, हेही त्यांना नक्की माहीत असणार. दोन हजार वर्षांत वजनाचा स्वभाव काही बदललेला नाही. बदलली ती जाहिरात.

मी हिशेब मांडून पाहिला. वीस वर्षं लोकलने गेलो, त्या वीस वर्षांत मोहन्यात मला नावाने ओळखणारी माणसं मोजून सहा झाली. ही गाडी आल्यापासून अकरा वेळा पडलो, गुणिले अडीच. वडापाववाला आता चहाचे पैसे घेत नाही. पंक्चरवाल्याने एक एकवीस इंची ट्यूब माझ्यासाठी आणून ठेवली आहे. दप्तरवाला मुलगा लांबून मला बघितलं की पायानेच हवेत साइड स्टँड उघडल्याची खूण करतो. एकांतासाठी घेतलेल्या वस्तूने एवढा गोतावळा दिल्याचं दुसरं उदाहरण लग्न सोडून मला आठवत नाही.

म्हणून ज्यांना ही भारी गाडी घ्यायची आहे त्यांनी अवश्य घ्यावी. घेण्याआधी ॲव्हरेज, सीटची उंची आणि हप्ता बघावा, आणि आपल्या रस्त्यावर अडीच माणसं मिळतात का, तेही बघावं. आणि तुमचं कधी मोहन्यावरून जाणं झालं, गाळेगावच्या खडीत एक मोठी गाडी आडवी आणि तिच्याशेजारी एक बुटका गृहस्थ कुठेच न बघता उभा दिसला, तर कृपा करून थांबा. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. आणि गाडी उजव्या अंगावर असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड तेवढा लावा.